पाचच्या आधी की नंतर

१२ जाने.
पाचला उठले होते त्या दिवशी. पाण्याचा दिवस. पिंप घासलं, नळाला पाइप लावला, हंडे, कळशा, अंगण धुतलं. हे मधल्या खोलीत चादर घेऊन. साडेसातला चहा घेऊन गेले, छातीला हात लावला. कोमट. डॉक्टर म्हणाले, दोन-चार तास झाले असतील.
वर्ष झालं. मी पाणी भरत होते तेव्हा हे जिवंत होते का, एवढंच मला कळायला हवं.

१९ जाने.
वर भाड्याने राहतात त्या मालती मॅडम कॉलेजात शिकवतात. पीएच.डी. करतायत असल्याच गणितांवर, जिथे सुरुवातीचा आकडा नक्की नसतो. गार होणारी वस्तू किती वेळापूर्वी गरम होती ते काढायचं समीकरण त्यांच्याच पुस्तकात वाचलं. आज धीर करून विचारलं, हाताला कोमट लागलं तर गार व्हायला लागून किती वेळ झाला असेल.
"काकू, कोमट म्हणजे किती?"
"कोमट म्हणजे कोमट की."
हसल्या. मग कळलं त्यांना, मी कशाबद्दल विचारतेय ते.

२३ जाने.
मॅडमनी थर्मामीटर दिला. बादलीत गरम-गार पाणी मिसळत राहिले, हात म्हणेपर्यंत, हेच. तीनदा केलं. बत्तीस, चौतीस, पस्तीस.
एकच आकडा धरायचा नाही म्हणाल्या, तिन्ही धरायचे. साडेसातपासून पाव-पाव तासाच्या पायऱ्यांनी मागे जायचं, अंग जिवंतपणीइतकं गरम येईपर्यंत. उत्तरही पट्टाच येणार, या वेळेपासून त्या वेळेपर्यंत, अंदाजे.
नववी शिकलेली मी. नवी वही आणली.

२ फेब्रु.
पावणेदोन ते साडेपाच. पाच मध्येच.
मॅडमनी तपासलं. "आमचे पीएच.डी.चे गाईडसुद्धा एवढं नीट करत नाहीत, काकू."
जेवले नाही.

५ फेब्रु.
दुसरी रीत आहे म्हणे. पहिलीत मागे जाताना पट्टा रुंदावतो, हिच्यात निमुळता होतो. केलं. अडीच ते पावणेपाच. सगळा पाचच्या आधी! वहीवर डोकं टेकून बसले.
"खरी कुठली?"
"गणितात दोन्ही चालतात. आपल्याला बाकी काय ठाऊक आहे, त्यावरून ठरवायचं." मग हळू आवाजात, "पण काकू, पाचला तुम्ही बघितलं होतं ना? शांत झोपले होते म्हणता. मग ही रीत बाद. ते पाचनंतर गेले."

६ फेब्रु.
बघितलंच नव्हतं. दिवासुद्धा लावला नाही, पाणी जाईल म्हणून घाई. लेक शोभा माळशिरसहून आली, माझ्या मांडीवर पडून रडायला लागली, तेव्हा म्हटलं, पाचला बघितलं गं, छान झोपले होते. पोरीला तेवढाच आधार. मग सगळ्यांना तेच सांगत गेले. अजून फोनवर म्हणते, "आई, तू बघितलंस, लई बरं झालं."
मॅडमना आज खरं सांगितलं. त्यांनी वही पुन्हा पुढे ओढली. मग, "मग दोन्ही उत्तरं उभी राहतात, काकू."
शोभाला सांगितलं तर तिच्याकडचं तेवढंही...

७ फेब्रु.
मॅडमना खरं सांगितलं, मग पोरीलाच खोट्यावर किती दिवस ठेवायचं. सकाळच्या एसटीने माळशिरसला गेले. शोभा भाकऱ्या करत होती. चुलीशेजारी बसले आणि सांगितलं, त्या दिवशी पाचला मी तुझ्या बाबांकडे बघितलं नव्हतं.