व्हेनिसमधल्या चार बॅगा

ईडन प्रेरी, अमेरिका, १४ जून १९८६
तिकिटं आली एकदाची. भारतात जाताना वाटेत दोन दिवस व्हेनिस. कॉलेजात चित्रकला शिकताना तिथलं सेंट मार्कचं चर्च पुस्तकात पाहिलं होतं, तेव्हापासून आतलं ते सोनेरी छत डोक्यात आहे. अविनाश म्हणाला, "घे, झाला तुझा हट्ट पुरा." हट्ट! इतकी वर्षं दर सुट्टीत ह्याच्या आईकडे पुण्याला जातेय, तो कुणाचा हट्ट?

२८ जून
चार बॅगा. भाऊजींना व्हीसीआर, सासूबाईंना बदाम, शांपू, नॉनस्टिक तवे. माझे कपडे उरल्यासुरल्या जागेत. म्हटलं, रोमला उतरून रेल्वेने व्हेनिसला जायचंय, पुढची फ्लाइटही रोमहूनच आहे, बॅगा तिथेच स्टेशनवर ठेवू. "वेड लागलंय का? व्हीसीआर आहे त्यात!"

व्हेनिस, २ जुलै
गाडीरस्ता नाहीच. नुसते पूल, प्रत्येकाला पायऱ्या. दोन बॅगा वर न्यायच्या, एकाने राखत बसायचं, दुसऱ्याने पुन्हा खाली... अ. घामाघूम. "कसलं गाव यार हे, टॅक्सी नाही!" माझ्यावरच ओरडला. जसं काही मीच वसवलंय. हॉटेलच्या खोलीचं कुलूप धड लागत नाही.

३ जुलै
एकाने बॅगांपाशी बसायचं ठरलं. आधी तो गेला. "पटकन स्लाइड्स काढून येतो." आला तो जेवूनखाऊन, संध्याकाळी. मी दिवसभर खोलीत, खिडकीसमोर भिंत. धावत सुटले, दोनदा रस्ता चुकले. चर्चचं दार लावत होते. हात जोडले त्या माणसाला. नाही म्हणून मान हलवली त्याने, लावलं. उद्या पहाटेच रोमची गाडी. तिथेच रडले, मोठ्याने. ओळखीचं कुणी नव्हतं, बरं झालं.
परत आल्यावर अ.: "पाहिलंस ना? झालं समाधान?"
"तू पाहिलंस?"
"छे! कुठे वेळ होता?"

पुणे, ६ जुलै
अमेरिकेतला व्हीसीआर इथल्या टीव्हीला चालत नाही म्हणे. भाऊजींनी खोक्यात घालून माळ्यावर टाकला.

ईडन प्रेरी, ४ ऑक्टोबर
आज जेवायला मंडळी, नंतर दिवे घालवून पडद्यावर व्हेनिसच्या स्लाइड्स. पूल, होड्या, कबुतरं. मग ते छत. सोनेरी. आतून काढलेलं. आत गेला होता मेला!
शांताकाकूंनी विचारलं, "हिचा एकही फोटो नाही रे?"
"ती बॅगांपाशी होती, काकू!" सगळे हसले. मी चहा टाकायला उठले.

११ मे १९८७
अ.ने तळघरातून बॅगा वर आणल्या, पुण्यासाठी. मी ट्रॅव्हल एजंटला फोन केला. एक तिकीट, व्हेनिसपर्यंतचं. तिने विचारलं, रिटर्न कधीचं?
कळवते म्हटलं.