चापाचे वजन

७ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण एक पिस्तूल, हे लिहिताना माझे मलाच हसू येते. ग्रंथालयात दिवसभर पुस्तकांना क्रमांक घालणारी तुमची भाची गेले तीन महिने नेमबाजी मंडळात जाते आहे. आई म्हणते, जिला बस थांबवायला हात वर करण्याची लाज वाटते, ती निघाली गोळ्या झाडायला! खरे कारण असे की तिथे कोणाशी बोलावे लागत नाही. पण नेम लागत गेला, आणि पाठ न करता मला काही येते, असे आयुष्यात पहिल्यांदाच घडले. मार्चमध्ये संघाची निवड आहे. आमच्या प्रशिक्षिका ताई म्हणतात की मला संधी आहे. मला ती हवी आहे, मामा. इतके काही मी कधी मागितलेले नाही.

मंडळाने माझ्यापुढे दोन पिस्तुले ठेवली आहेत. पहिल्याचा चाप लांबवर ओढावा लागतो. त्याच ओढीने मागचा घोडा चढतो आणि पडून गोळी उडवतो. अर्ध्या वाटेतच माझे बोट थरथरते व नेम डावीकडे सरकतो. दुसऱ्याचा घोडा आधीच चढवलेला असतो, त्यामुळे चापाची ओढ आखूड आहे. परंतु अगदी शेवटी तो अडून बसतो. शिवाय त्याची मूठ माझ्या तळव्याला मोठी होते. पुस्तकांत तीन मते सापडली आणि तिन्ही पटली. तुम्ही तीस वर्षे दुकानात पिस्तुलांचेच काम करीत आला आहात, तेव्हा निवड तुम्हीच करावी.

मामींना नमस्कार. आपल्या मायेवर नेहमीचा हक्क सांगणारी,
तुमची वाळवी


१५ जानेवारी

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

पुस्तकं खाऊन पोट भरलं नाही म्हणून आता लोखंड खायला निघालीस? शाब्बास! दुसरं घे. लांब ओढीचं पिस्तूल कमरेला बांधून हिंडणाऱ्याला बरं, ते चुकून सुटत नाही. कागदावर नेम धरणाऱ्याला आखूडच ओढ हवी. मुठीचं म्हणशील तर डोळे मिटून हात वर कर आणि मग उघड. नेम सरळ दिसला तर मूठ तुझी. बोटाचं पहिलं पेर चापावर सपाट बसलं पाहिजे. ओढूनताणून पोचावं लागत असेल तर मूठ जाड आहे. ती मी तासून देतो. चाप अडतो तिथे कानस फिरवतो. ताईंना सांगून रीतसर माझ्याकडे पाठव.

तुमच्याकडे म्हणे चापाला एक किलोचं वजन टांगून बघतात, घोडा पडला की चाप फार हलका, पिस्तूल बाद. मी उभ्या जन्मात वजन टांगलं नाही. माझं बोट सांगेल ते वजन. (हे वाक्य लिहायला मी तयार नव्हते, पण इथे मला विचारतो कोण? – मामी.) अक्षर तिचं आहे, कारण थंडीने माझी बोटं आखडलीत. ती म्हणते, ही थंडी गेल्या उन्हाळ्यापासून आहे. तिचं काय, ती काहीही म्हणते.

आईला सांग, पोरगी वाया गेलेली नाही. आमचा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं लिहायला नको.
तुझा मामा


२० फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पिस्तूल मिळाले. मूठ अशी बसते की जणू माझाच हात पुढे वाढला आहे. आणि चाप! श्वास सोडावा तसा तो सुटतो. काल साठपैकी एकावन्न गोळ्या काळ्या वर्तुळात गेल्या.

एक गंमत सांगते. ताई वजन टांगून पाहणार होत्या. कधी नव्हे ती मी पुढे झाले आणि म्हणाले की माझ्या मामांच्या कामाला वजन टांगणे हा त्यांचा अपमान आहे. ताई इतक्या हसल्या! म्हणाल्या की मुकी मुलगी बोलली हेच मोठे, आणि वजने कपाटात परत ठेवून दिली. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

अशीच माया राहू द्यावी.
तुमची वाळवी


११ मार्च

ती. मामांस,
सा. न.

निवड परवा होती. मी गेले नाही. त्याआधीच सरावात माझ्या हातून गोळी सुटली. पिस्तूल टेबलावर टेकवताना बोट चापावर राहिले होते. गोळी लोखंडी खांबावर आपटून मागे फिरली आणि ताईंच्या गुडघ्यात शिरली. तो पाय यापुढे वाकणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. चूक माझी आहे, असे मी मंडळाला लिहून दिले आहे. यापुढे मी पिस्तूल धरणार नाही.

काळजी करू नये.
तुमची भाची


१८ मार्च

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीने दोनदा वाचून दाखवलं. रागावू की जवळ घेऊ, कळेना. वेडे, टेकवताना बोट बाहेर ठेवायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात! पण हातून होतं माणसाच्या. रडून घे, जेव, आणि ताईंसमोर मान खाली घालून बसून राहा. त्या हाकलतील तेव्हा ऊठ, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पिस्तुलाला मात्र दोष देऊ नकोस. इथे तर तुझ्यासारखाच चाप करून द्या म्हणून माणसं येतात. चार दिली, दोन टेबलावर आहेत. हात चालतो आहे तोवर चालवायचा.

(जेवत जा गं. – मामी.)
तुझ्यावर आमचा राग टिकत नाही, हे तुला ठाऊक आहेच.
तुझा मामा


२२ मार्च

ती. मामींस व मामांस,
सा. न. वि. वि.

मामी, हे पत्र आधी तुम्ही मनात वाचा, आणि मग मामांना खाली बसवून वाचून दाखवा.

मागच्या पत्रात मी खोटे लिहिले. माझे बोट चापावर नव्हते. पिस्तूल टेबलावर टेकले, तेवढ्या धक्क्याने घोडा पडला. नंतर मंडळाची शस्त्रे सांभाळणाऱ्या, कोठीतल्या काकांनी माझ्यादेखत वजने टांगली. किलोला पडला, अर्ध्या किलोला पडला, पाव किलोलाही पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी हात जोडले. त्यांनी वजने कपाटात ठेवली आणि वहीत काहीच नोंदवले नाही.

हे मी जन्मभर पोटात ठेवणार होते. परंतु तुमच्या पत्रात सहा पिस्तुले आहेत. मामा, दुबळ्या झालेल्या बोटाला हलका चापही जड लागतो. तो जड लागला म्हणून तुम्ही कानस फिरवत राहिला असाल. तुम्हाला असे लिहिण्याची माझी पात्रता नाही. ज्या दिवशी गप्प राहायचे त्याच दिवशी मी बोलले, आणि ताईंचा पाय गेला. आज गप्प राहिले तर आणखी कोणाचा तरी जीव जाईल. कृपा करून वजने टांगा.

मला क्षमा करता आली तर करावी.
तुमची भाची


२ एप्रिल

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

हे माझ्या हातचं अक्षर. लागेल तसं लाव.

दुकानात वजनच नव्हतं. मामीने वाण्याकडून मागून आणलं. टेबलावरची दोन्ही पाव किलोला पडली. मामी काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

चारपैकी तिघांना गाठलं. दोन पहारेकरी, एक डॉक्टर. पिस्तुलं परत घेतली, जुने चाप बसवायला दुसऱ्या कारागिराकडे दिली. चौथा प्रवासातला होता. बसला तासभर अवकाश होता, म्हणून उभ्या उभ्या करून दिलं. नाव लिहिलं नाही. उंच होता, डावखुरा, चाप ओढून वा म्हणाला. मी खुशीत हसलो. तो कुठे गेला, ते स्टँडवर कोणालाच सांगता येत नाही. पोलिसांना कळवलं. त्यांनीही नावच विचारलं.

सोबतचा कागद मंडळात दे. चूक माझी, मुलीची नाही, असं सही करून लिहिलं आहे. तू लपवलास तर मी स्वतः येईन. ताईंपुढे उभं राहायला मात्र पाय उचलत नाहीत.

दुकानाची पाटी काढली, कुलूप लावलं नाही. न जाणो, तो परत यायचा. दार उघडं टाकून बसतो आणि बस आली की स्टँडवर जातो. आजवर अकरा उंच माणसांना थांबवून विचारलं. एकाने मला वेडा समजून हातावर नाणं ठेवलं.

तुझ्याकडे माया मागायला तोंड राहिलं नाही. पुढचं लिहीत नाही, बस आली.
मामा