एका उंचीचे दात

३ ऑक्टोबर
आजही अक्षर शिकायला गेलो नाही. रुलाच्या बाबांनी, अम्मो बद्रींनी, सकाळीच बोरूची कलमं तासून ठेवली होती म्हणे, आणि मी मीना बंदराच्या धक्क्यावर तिळाचा गरम कअक पाव खात नावा रंगवणाऱ्यांकडे बघत बसलो. सरला दिवस. रुला फोनवर चिडली नाही — तेच वाईट. एवढंच म्हणाली की बाबांच्या डोळ्यांत मधोमध आता धुकं साचलंय, कडेकडेनं दिसतं तेवढंच. शिकवतायत तोवर शिकून घे.

५ ऑक्टोबर
गेलो एकदाचा.
बसथांब्यांच्या पाट्यांसाठी रुला आणि मी नवं अरबी अक्षर काढतोय. कलमाची जाड-बारीक वळणं नाहीत, सगळीकडे एकच जाडी, लांबून वाचता येईल असं. काम बसवाल्यांचं. पण रुलाला खरं काय हवंय ते मला ठाऊक आहे — डोळे पुरते जायच्या आत बाबांनी रस्त्यावरची एक तरी पाटी स्वतः वाचावी.
अम्मो जन्मभर कलमानं लिहीत आले. त्यांचं एकच म्हणणं: सीन अक्षराला तीन दात, म्हणजे तीन छोट्या उभ्या रेघा. शेजारी ब, न, त आले की शब्दात तेही नुसते दातच. सगळे एका उंचीचे काढलेस तर कंगवा होतो, मधला एखादा वर उचल.
"कंगव्यानं केस विंचरतात बाळा, वाचत नाहीत."
हसलो. हो म्हणालो.

११ ऑक्टोबर
नाही उचलले. एकच दात काढला आणि सगळीकडे तोच डकवला. पडद्यावर काय देखणं दिसतं — सरळ, स्वच्छ, नवंकोरं! शिवाय एकेका शब्दाशी झटत बसायचं म्हणजे... आणि मित्र समुद्रावर, बत्रूनला निघाले होते.
रुलाला सांगितलं, अम्मोंनी पुठ्ठ्यात कापलेल्या अक्षरांवर बोटं फिरवून पाहिलंय, त्यांना पसंत आहे.
का बोललो असं?

१२ ऑक्टोबर
बत्रून. पाणी गार. मन लागलं नाही.

६ नोव्हेंबर
पाट्या लागल्या. रुला तापानं पडून, म्हणून अम्मोंना घेऊन मीच गेलो. माझ्या दंडाला धरून चालत होते. तल चौकाच्या थांब्यावर त्यांना पाटीसमोर उभं केलं, आणि मला काही तिकडे बघवेना. कॉफीवाल्याच्या गाडीशी जाऊन उगाच रेंगाळलो.
मागून आवाज आला. तल... अज़्मी रस्ता... मारद... मीना. एकेक थांबा, न अडखळता! वळून पाहिलं तर मान जरा तिरकी, हात पाठीशी.
परतताना दबकत विचारलं, दात कसे वाटले?
"रुलाला सांग, मी वाचलं," म्हणाले.
सांगितलं. उशीत तोंड खुपसून रडली.

१४ नोव्हेंबर
रुलानं अक्षराला नाव दिलं — बद्री. सैदा शहरातल्या बसवाल्यांनाही तेच हवंय. पाठवायच्या आधी दात जरा उचलू का, असं मी आडून विचारलं. अजूनही मन खात होतं. ती केवढी बिथरली!
"एका ठिपक्यालाही हात लावायचा नाही. बाबांनी वाचलंय ते."

१५ नोव्हेंबर
तलच्या थांब्यावर बसची वाट बघत होतो. पाटी आज पहिल्यांदा नीट वाचली, नाक लावून. तिच्यावर अज़्मी नाही, मारद नाही, मीना नाही. कुब्बाकडे, मीनाच्या उलट्या दिशेला चढणाऱ्या बसची पाटी आहे ती.