मंडपवाल्याचा फोन

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

लिंबायत, सुरत
१४ जुलै

ती. मंगलाताईंस,
प्रमिलाचा सा. न. वि. वि.

आम्ही इकडे सगळे खुशाल. तुमचे गुडघे कसे आहेत? फोन सोडून पत्र कसं काय, म्हणून नवल करू नका. फोन बंद करून पिठाच्या डब्यात टाकलाय. ज्योतीचा नाहीतर गोपालभाऊजींचा आवाज मला ऐकायचा नाही. आमच्या गल्लीतला सुकलाल आज रात्रीच्या गाडीने अमळनेरला निघालाय, त्याच्या हाती हे देते.

तुमच्या लाडक्या धाकट्या भावजयीचा पराक्रम ऐका. सकाळी एका मंडपवाल्याचा फोन आला. म्हणाला, यंदा तुमची कानबाई गोडादऱ्याला ज्योतीबेनकडे बसणार आहे, पार फाटकापर्यंत दिव्यांच्या माळांची ऑर्डर आहे, तर तुमच्याकडचा जुना नारळ न्यायला माणूस कधी पाठवू? कुणी ठरवलं, असं मी विचारलं. तर म्हणे घरच्यांनीच. तुमची खोली लहान, गल्लीत मंडप मावत नाही, आलेल्या माणसांना टेकायला जागा मिळत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ताई, ज्योतीकडे लिफ्टची इमारत आहे, भाऊजींची एम्ब्रॉयडरीची मशिनं आहेत. आमचं इकडे यांच्या लूमच्या पगारात एक खोली आणि वर माळा. मी कधी तोंडातून ब्र काढला नाही. पण सासूबाईंनी जाताना नारळ थोरली म्हणून माझ्या हाती दिला. श्रावणात त्याला नथ घालून कानबाई मांडली की सगळी भाऊबंदकी रोटाचा प्रसाद खायला माझ्या दारात येते. वर्षातला तो एक दिवस मी मोठी असते. तोही तिला हवा झाला.

मी त्या माणसाला नको नको ते सुनावलं आणि फोन आपटला. मग देव्हाऱ्यातला नारळ उचलला, रिक्षा केली आणि गोडादऱ्याला जाऊन घे तुझी कानबाई म्हणून तो तिच्या अंगावर टाकला. तिने पदर पुढे केला आणि मुकाट्याने घेतला. नको म्हणून एक शब्द काढला नाही, यावरून काय ते समजा.

बाकी ठीक. भाऊंना नमस्कार. लोभ आहेच, पण तो ज्योतीवर आहे त्याहून भाकरीच्या तुकड्याएवढा तरी जास्त असू द्या.

तुमची,
प्रमिला


अमळनेर
१६ जुलै

चि. सौ. प्रमिलास अ. उ. आ.

सुकलाल परत निघालाय म्हणून घाईत लिहिते. तोवर तुझ्या कानावर आलं असेलच, पण माझ्याकडूनही ऐक. तो मंडपवाला नव्हता. आमची गौरी ज्या रेडिओवर नोकरीला लागली, तिथला तो पोरगा. लोकांना खोटे फोन करून चिडवायचं आणि मग गंमत केली म्हणून सांगायचं, असा त्याचा सकाळचा कार्यक्रम असतो.

तुझा नंबर गौरीने दिला. खोली, गल्ली, नारळ, सगळं तिनेच पढवलं. मामी दोन शिव्या देईल आणि मग पोट धरून हसेल, असं तिला वाटलं. त्याने शेवटी गंमत होती असं सांगितलंही, पण तू तोवर फोन आपटला होतास. रेडिओवर लावायच्या आधी बाईची परवानगी लागते म्हणे. ती तुझ्या वतीने गौरीनेच देऊन टाकली.

खोटं बोलत नाही, मोबाइलवर ऐकताना आधी मलाही हसू आलं. मंडपवाल्याच्या सात पिढ्या तू ज्या अहिराणीत उद्धरल्यास, ती माझ्या आईची अहिराणी. पण पुढे ज्योतीबद्दलचा तो शब्द आला आणि मी फोन खाली ठेवला. गौरीला मी फैलावर घेतलं. ती म्हणते, मामीच्या तोंडात शब्द कुणी घातले नाहीत, ते तिचेच होते. यावर तुझं उत्तर असेल ते लिही.

तब्येतीला जप, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. दोघी भावजयांवर माझा जीव सारखाच आहे, कुणी तराजू लावू नये.

तुझी,
मंगलाताई


लिंबायत, सुरत
१८ जुलै

ती. मंगलाताईंस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच कळलं. बाजारातून रिक्षाने येत होते. रिक्षावाल्याच्या रेडिओवर एक बाई तावातावाने भांडत होती आणि तो खुदुखुदु हसत होता. मीही हसले. मग नारळाचं नाव आलं आणि तो आवाज माझाच निघाला. मी मध्येच उतरले. आता नळावर गेले की बाया विचारतात, मंडप कुठवर आला. हे कारखान्यात डबा उघडत नाहीत, उपाशी परत येतात.

गौरीला माझं उत्तर सांगा. शब्द माझेच होते. मी एकटी असते तर भिंतीला बोलले असते, संध्याकाळी भात टाकताना विसरलेही असते. माणसाचं दुखणं कुठे आहे ते घरच्याच माणसाकडून विचारून घ्यायचं, नेमकं तिथेच बोट घालायचं आणि ते ओरडलं की गावाला ऐकवायचं, याला गंमत म्हणतात का? मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. म्हणून तर विचारलं नाही. आणि ताई, मंडपवाल्याला दिलेल्या शिव्यांवर त्यांनी शिट्टी वाजवली. वांझोटी हा शब्द मात्र स्पष्ट ऐकू येतो. ती शिवी आहे असं त्यांना वाटलंच नाही.

आता मुद्द्याचं. फोन खोटा, तर देणंही खोटं. श्रावण तोंडावर आला, देव्हाऱ्यातली ती जागा रिकामी बघवत नाही. नारळ परत पाठव, असं ज्योतीला सांगा. मी तिच्या दारात जाणार नाही. ती तर आनंदात असेल, आयतीच मोठी झाली.

माझं हसं झालं तरी मी तुमची थोरली भावजय आहे, एवढं ध्यानात असू द्या.

प्रमिला


गोडादरा, सुरत
२७ जुलै

ती. वहिनींना ज्योतीचा नमस्कार.

तुमचा फोन अजून बंद आहे, म्हणून पत्र. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

गौरी माझ्याकडेच राहते, तुम्हाला माहीत आहे. रोज रडते. तिने भांडून तो कार्यक्रम काढून टाकायला लावला, पण लोकांच्या मोबाइलवर गेला तो गेलाच. तिच्या साहेबांचा मला फोन आला होता. दोघी जावांनी रेडिओवर येऊन गोड व्हावं, म्हणाले, दोघींना मिक्सर देऊ. मी नाही म्हटलं. आपलं भांडण आपलंच राहू दे.

तो शब्द तुम्ही माझ्यामागे बोलता हे मला आधीपासून ठाऊक आहे. आमच्या इमारतीला ते आता कळलं. लिफ्टमध्ये बाया माझ्याशी फार प्रेमाने बोलतात. तुमच्या शब्दापेक्षा मला ते जड जातं.

मंगलाताईंनी नारळाचा निरोप दिला. वहिनी, मी तो देणार नाही. दर कानबाईला तुम्ही बायकांच्या ओट्या भरता आणि माझ्यापाशी आलात की तांदूळ संपलेले असतात. लग्न झाल्यापासून एकदाही पुरले नाहीत. त्या नारळाला तुम्ही मला कधी हात लावू दिला नाही. तुमची ती एक खोली, त्यात तुमची भांडणारी पोरं, माळ्यावर वाळत घातलेले त्यांचे कपडे, हे सगळं बघून मी घरी आले की दोन दिवस मला लिफ्टच्या घरात करमत नाही. तुम्हाला वाटतं जळायला फक्त तुम्हालाच येतं.

त्या दिवशी तुम्ही दारात नारळ घेऊन उभ्या राहिलात. मंडपवाला, माळा, मला काहीच कळलं नाही. नारळ दिसला आणि माझा पदर आपोआप पुढे झाला. तुम्ही रागाने टाकलात, पण पडला पदरातच. पदरात घातलेला नारळ परत मागत नाहीत, हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता.

कानबाई रविवारी मांडते आहे. नथ कशी घालायची ते मला येत नाही. राग आहे तो राहू द्या, पण या.

ज्योती


लिंबायत, सुरत
३० जुलै

चि. सौ. ज्योतीस अ. उ. आ.

तुझं पत्र यांनी वाचून दाखवलं. मधेच थांबले, पाणी प्यायले, मग पुढचं वाचलं. मी रात्रभर तुझ्यावर जळत होते. अजून जळते आहे, उगीच साळसूदपणा कशाला करू. माझा नारळ तुझ्या देव्हाऱ्यात बसलाय या विचाराने घास उतरत नाही. पण मी आता तो मागणार नाही.

शब्द ऐकणाऱ्यांच्या कानातून मला काढता येणार नाही. ज्यांनी ऐकला, त्यांतल्या निम्म्या बाया रविवारी तुझ्याकडे प्रसादाला येतील. त्यांच्यासमोर काय करायचं ते मी ठरवलं आहे.

गौरीला सांग, रडणं पुरे. तिने माझ्या पाया पडायची गरज नाही, तुझ्या पडावं. आणि रोटाच्या दळणाला हात लावावा, रेडिओला सुट्टी टाकून.

मी शनिवारीच येते. नथ आधी डाव्या बाजूला टेकवायची असते, तुला दाखवीन. पहिला रोट मी भाजणार, ते मात्र मी कुणाला देणार नाही. दिव्यांच्या माळा दारापुरत्याच लाव, फाटकापर्यंत लावल्यास तर माझ्या पोटात दुखेल.

तांदूळ मी घरून आणते. या वेळी ओट्या तुझ्यापासून भरायला घेईन, म्हणजे ते संपायचे नाहीत.

माझ्याकडे लोभ जरा कमीच आहे, जेवढा आहे तेवढा तुझा.

तुझी,
प्रमिलावहिनी