तुळशीच्या कुंडीतले दगड

बाई, तुमचा मुलगा परवा पार्ल्याच्या भाजीबाजारात दिसला आणि मी सरळ रस्ता बदलला. इतकी वर्षं झाली, तरी त्याच्यासमोर उभं राहवत नाही.

ब्याऐंशी साल असेल. तुम्ही आम्हा कॉलेजच्या पोरींना बोरिवलीच्या पुढे दहिसर नदीच्या काठावर नेलंत. नदी कसली, गटारच. वरून तबेल्यांचं शेण, बाजूने कुठल्याशा कारखान्याचं लाल पाणी, काठावर सकाळी माणसं बसून गेलेली. मी नाकाला रुमाल लावला. तुम्ही त्याच चिखलात पदर खोचून बसला आहात, हातात नखाएवढं गारगोटीचं पातं. हजारो वर्षांपूर्वी इथे वस्ती करून राहिलेल्या माणसांनी हे घडवलं, असं सांगता सांगता तुमचं लक्ष माझ्याकडे जातं. "माणसं राहिली की घाण होणारच. त्यांनी टाकलेलंच शोधायला आलोय ना आपण? काढ तो रुमाल." सगळ्यांदेखत. मनातल्या मनात मी तुम्हाला काय काय बोलले, विचारू नका.

पण नंतर दर रविवारी तुमच्याच स्वयंपाकघरात असायचे. पाती चहाच्या गाळणीत धुवायची, कुठे आणि किती खोल सापडलं त्याचा बारीक नंबर काळ्या शाईने घालायचा, वर तो पुसू नये म्हणून बिनरंगी नेलपॉलिश. जन्मात नखं न रंगवलेल्या तुम्ही, ते दुकानात मागायला लाजायचात आणि मला पिटाळायचात. नंबर गेला की तो नुसता दगड, म्हणायचात. तिकडे बिल्डरने काठावर भराव टाकला, वर बिल्डिंग उभी केली. तिथे कधी माणसं राहिली होती, याला पुरावा म्हणून तुमच्या पलंगाखालचे बिस्किटांचे डबे तेवढे उरले.

तुम्ही गेल्यावर महिन्याभराने मी ते डबे कॉलेजसाठी मागायला गेले. मुलाने कौतुकाने बाल्कनीत नेलं, नव्या कुंड्या दाखवल्या. "आईचे खडे ना? तळाला घातले. पाण्याचा निचरा झकास होतो." डब्यांत डाळी भरल्या होत्या. वर चहा घ्या म्हणाला. शी! मला त्याची किळस आली, त्या चहाची आली, त्या खुशीत हसण्याची तर फारच आली. मी पुढचीच कुंडी उपडी केली. नेमकी तुळशीची निघाली, तेव्हा कुठे त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओल्या मातीत माझ्याच अक्षरातले नंबर शाबूत होते. मूठभर निवडून घेतले. दुसऱ्या कुंडीला त्याने हात लावू दिला नाही. आणि मूठभर दगड कॉलेजला नको होते.

ती मूठ अजून माझ्या कपाटात आहे. माझ्यामागे घरचे तरी वेगळं काय करणार? म्हणून काल ती जिथली तिथे ठेवायला नदीवर गेले. पुलावरून खाली बघितलं. काळं पाणी, पिशव्या, फुगलेलं काहीतरी. दगड घेऊन तशीच परत आले. हे पत्रही आता त्यांच्याजवळच ठेवते.

रुमाल लावला होता, बाई. लावूनसुद्धा मला खाली उतरवलं नाही.