मोटारीला जोडलेला बंब

बाबा, तुला जाऊन बारा वर्षं झाली. मला धड लिहिता येत नाही, जोडाक्षरं चुकतात, पण बोलायला तू नाहीस तर काय करू. आज न्हाणीतला बंब चिंचेनं घासत होते. तांबं लखलखलं, पण भोकं बुजवलेल्या डाखाचे ते दोन ठिपके काळे ते काळेच. तिथंच तू नळ्या बसवल्या होत्यास. आता बटण दाबलं की मोटार घुरघुरते. तू मालकाची मोटार हाकायचास तेव्हा पुढून हँडल मारायचं, आणि घाटाखाली साखरप्याला पहाटेचा असा गारठा की इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट. बाकीचे ड्रायव्हर वरून कढत पाणी ओतायचे, ते लोखंडाला लागलं की निवायचं. तू म्हणालास, बंबात मधे निखारे नि भोवती पाणी, तो इंजिनालाच जोडला तर कढत पाणी आपसूक वर चढेल, गार खाली येईल. तांबटाकडून दोन भोकं पाडून आणलीस, रबरी नळ्या तारेनं आवळल्यास, बंब इंजिनाच्या कडेला खाली टांगलास. आई म्हणाली, "माझा बंब नेलात, आता आंघोळही मोटारीलाच घाला." तू हसलास. दुसऱ्या दिवशी इंजिनानं अर्ध्या फेरीत घेतलंन.

बंब पेटवायचं काम माझं. मी चोवीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, कामाला वाघ आणि तोंडानं त्याहून. तू एकच सांगितलं होतंस, वरच्या नळीला हात लाव, चटका बसला तरच मला हाक मार. गार इंजिनाचं हँडल उलटं मारतं.

त्या दिवशी कोळसा दमट होता. फुंकून फुंकून माझे डोळे गेले. मोटारीत माणसं बसलेली, त्यांना रत्नागिरीला बोट गाठायची. एक जण मलाच ऐकवतोय की बोट काय तुमच्या चुलीसाठी थांबणार आहे. पुन्हा बोट चुकली तर दुसरा ड्रायव्हर बघीन, असं मालकानं तुला बजावलेलं. तू पुढून विचारतोस, "बाय, तापलं काय गो?" मी म्हणते, "तापलंय. मार हँडल."

तू अंगाचा भार टाकून फिरवलंस आणि ते उलट आलं. हाडाचा आवाज मी ऐकला. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, तरी मनगट वाकडंच राहिलं. पंधरवड्यात मालकानं दुसरा माणूस ठेवला. तू डाव्या हातानं नळ्या उपटल्यास, भोकं बुजवून आणलीस, बंब आईपुढं ठेवलास आणि म्हणालास, "माझंच डोकं कमी पडलं." आई त्यावरून जन्मभर टोमणे मारीत राहिली, तू खाली मान घालून भात कालवीत राहिलास. मी तिथंच असायचे, भाकऱ्या थापीत. गाव माझ्या तोंडाला भितं, पण ते तोंड तेवढ्यासाठी उघडलं नाही. पुढं तू दुसऱ्यांच्या मोटारींना पाणी घालायचास. कुणी बंबाचं काढलं तर म्हणायचास, खुळेपणा होता तो.

खुळेपणा नव्हता बाबा. बंब चांगला होता. हा कागद कुठं टाकू, कुणाला वाचायला देऊ, काही सुचत नाही. उद्या बंब पेटवताना हाच खाली विस्तवात सारीन.

नळीला मी हातच लावला नव्हता.