प्रार्थनेत निसटलेली हाक

आई,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्यामागे आगगाडी घाट चढून देशावर पोचली, दादाच्या मुली सासरी गेल्या आणि मी ठाण्याच्या मंडळीचा पाद्री होऊन म्हातारा झालो. मेलेल्या माणसाशी बोलू नये असं मी लोकांना शिकवतो. पोटासाठी नाही, मनापासून शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू म्हणशील, साहेबानं भरीला घातलं पोराला.

माझं काम काय असतं हे तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. सोमवारी मी शास्त्रातलं एक वचन निवडतो आणि आठवडाभर ते घोळवत बसतो. त्याचे तीन मुद्दे पाडायचे: वचन काय म्हणतं, त्याचा अर्थ काय, आणि आपण काय करायचं. आमचे मिशनरी साहेब म्हणतात, तीनपेक्षा जास्त मुद्दे माणसाच्या डोक्यात राहत नाहीत. मी म्हणतो, मिशनच्या दवाखान्यातले आमचे कंपाउंडर दुसऱ्या मुद्द्यालाच डुलक्या घेतात, तेव्हा तीनही जास्तच आहेत. पण हे मी मनातच म्हणतो. शुक्रवारी साहेब लिखाण वाचून पाहतात. उपदेश एक वेळ जमतो, प्रार्थना लिहिणं कठीण. आधी स्तुती, मग पापाची कबुली, मग उपकार मानणं, आणि शेवटी दुसऱ्यांसाठी रदबदली करायची. त्यात राणीसरकार येते, गव्हर्नर येतात, आजारी येतात, समुद्रावर गेलेले येतात, दुष्काळात आईबाप गमावून आमच्याकडे आलेली पोरं येतात. सगळ्यांना जागा आहे. मेलेल्यांना नाही. बाबांच्या कचेरीतल्या भाषेत सांगायचं तर त्यांचा निकाल लागलेला असतो, आणि निकालानंतर अर्ज चालत नाही.

बाप्तिस्म्यानंतर मी कल्याणच्या घरी येत असे, ते तुला आठवत असेल. पुढच्या दारानं येण्याची सोय नव्हती. मागच्या पडवीत बसायचं, समोर पत्रावळ. तू उभ्यानंच वरून भात वाढतेस, हात लागू नये म्हणून. वाढता वाढता विचारतेस, "तुमच्या देवाला मराठी येतं का रे?"

"येतं."

"मग काय बोलतोस त्याच्याशी?"

"मागतो. तुझ्यासाठीही मागतो. तुला प्रकाश दिसावा म्हणून."

"म्हणजे माझं गाऱ्हाणं घालतोस," तू म्हणालीस. "घाल बापडा. भात घे आणखी."

मी तेव्हा ऐन तारुण्यात होतो आणि मला चटकन राग यायचा. मी गल्लीच्या वळणाशी पोचायच्या आत मागे शेणाचा हात फिरल्याचा आवाज यायचा, आणि तो मला थपडेसारखा लागायचा. आज मला वेगळंच दिसतं. तुझी कंबर दुखायची. मी येऊन गेलो की वाकून ती जागा सारवावी लागणार हे ठाऊक असूनही तू मला एकदासुद्धा उपाशी परत पाठवलं नाहीस. हे समजायला मला फार वेळ लागला गं.

तू गेल्यावर दहाव्याला मी बंदरावर, होड्यांच्या आडोशाला उभा होतो. माझी सावली नको असं भटजींनी कळवलं होतं, आणि मलाही त्या विधीत काही घ्यायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. खाडीकाठी दादा पिंडांपुढे हात जोडून बसला होता. वर झाडावर कावळे होते आणि एकही खाली येत नव्हता. कावळा शिवला नाही की गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. लोक एकेक आठवून सांगत होते. दादानं घर सांभाळीन म्हणून सांगितलं, धाकट्या मुलीचं लग्न करीन म्हणून सांगितलं, तुझी तुळस सुकू देणार नाही म्हणूनही सांगितलं. काही नाही. मग तो खाली वाकला, काहीतरी पुटपुटला, आणि कावळा आला.

संध्याकाळी तो मला गल्लीच्या तोंडाशी भेटला. म्हणाला, "मी तुझ्या वतीनं शब्द दिलाय."

"कसला?"

"तुझा धाकटा त्याच्या देवळात, त्याच्या देवापुढं तुझं नाव घेईल, असा. एवढं म्हटलं आणि कावळा उतरला."

मी म्हणालो, "दादा, त्याला भूक लागली असेल."

वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. पुढं बोलायला लागला, पण दर पितृपंधरवड्यात कुणातरी येणाऱ्याजाणाऱ्याकडून निरोप यायचा: घेतलंस का? मी कळवायचो, नाही. परत उत्तर यायचं, बरं. त्या 'बरं'नं मला जेवढं छळलं तेवढं शिव्यांनी छळलं नसतं. इकडे आड, तिकडे विहीर. नाव घ्यावं तर जे आयुष्यभर शिकवलं ते मीच भर मंडळीत मोडायचं. न घ्यावं तर दादानं तुला दिलेला शब्द माझ्यामुळं खोटा. आणि शब्द देताना मला कुणी विचारलंही नव्हतं! मला दादाचा राग यायचा, साहेबांचा यायचा, कधी कधी तुझाही यायचा. कशाला अडकवून घेतलास जीव माझ्यापाशी?

या वर्षी निरोप आला नाही, दादाच आला. कल्याणहून गाडीनं येऊन, धापा टाकत, उपासनेच्या आधी आमच्या प्रार्थनामंदिराच्या पायरीवर टेकला. आत ये म्हटलं तर मान हलवली.

"माझं आता काही खरं नाही," तो म्हणाला. "वर गेलो आणि आईनं विचारलं तर काय सांगू? कावळ्याला फसवलं म्हणू?"

"दादा, आमच्यात तसं नसतं रे."

"तुमच्यात नसेल. ती आमच्यातली होती." मग जरा दम खाऊन म्हणाला, "मी इथंच बसतो. तुला विटाळ नको, मला नको. कानावर पडलं की झालं."

प्रार्थनेचा कागद माझ्या हातात होता, साहेबांनी पाहून दिलेला. राणीसरकार झाली. आजारी झाले. समुद्रावरचे झाले. प्रत्येकानंतर मंडळी आमेन म्हणते आणि मी पुढच्या ओळीला येतो. दारातून दादाची पाठ दिसते आहे. शेंडी पांढरी झाली आहे, मान कान देऊन वाकडी केलेली. मी ठरवलं, घेतो एकदाचं नाव, मग काय व्हायचं ते होवो. आणि त्या क्षणी मला कळलं की तुझं नाव माझ्या तोंडात कधी बसलेलंच नाही. सासरचं नाव भटजींनी पिंडाला घेतलं होतं, माहेरचं नाव मामा घ्यायचे, आणि मी जन्मात यांतलं एकही उच्चारलं नव्हतं. जे नाव जिभेनं कधी घेतलं नाही ते हुकमानं येत नाही. तोंड उघडलं आणि मोठ्यानं बाहेर आलं ते एवढंच: "आई."

मंडळी सवयीनं "आमेन" म्हणाली. मग एकेकानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. उपासना संपवून बाहेर आलो तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं.

पुढं जे झालं ते तुला समजावून सांगायला हवं. इथं तलावाकाठी फिरंग्यांच्या वेळचं जुनं देऊळ आहे. ते लोकही येशूचेच, पण ते त्याच्या आईला, मरियेला, आळवतात, तिच्याकडे मागणं मागतात. आम्ही मागत नाही. तुला हसू येईल, पण आमच्या मंडळीत कुणी गणपतीपुढं हात जोडले तर जेवढा गहजब होणार नाही, तेवढा मरियेला हाक मारली तर होतो. आमचे कंपाउंडर मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक. या कारभाऱ्यांना आम्ही 'वडील' म्हणतो. हे वडील माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. नेमके त्या दिवशी ते जागे होते. दुपारच्या आत त्यांनी साहेबांच्या बंगल्यावर जाऊन सांगितलं की पाद्री बाटला, मरियेचा धावा करायला लागला.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. आमच्याकडे बाळकुमची एक भाजीवाली येते, ती त्या जुन्या देवळाची. दुसऱ्या दिवशी तिनं न मागता एक दुधी सुपात टाकला.

"पाद्रीबाबा, तुमी आमचे माऊलीला हाक मारली म्हनतान. बरा केला. ती कोनाला परत नाय पाठवीत."

मी म्हणायला हवं होतं, बाई, ती तुझी माऊली नव्हे. पण मग कोणाची, हे सांगावं लागलं असतं. दुधी आम्ही खाल्ला.

मंगळवारी साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नाही गं. त्यांची दोन लेकरं इथल्याच मातीत पुरली आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "आपण कोणास हाक मारिली?" मरियेला म्हणावं तर ते खोटं, आणि वर त्या जुन्या देवळातल्यांसारखा रोमी ठरलो. तुला म्हणावं तर ते खरं, आणि त्याहून वाईट: मेलेल्या बाईसाठी अर्ज, आणि तीही बाप्तिस्मा न झालेली. साहेबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मी पाहिलें आहे, ह्या देशांत मनुष्यास ठेंच लागली म्हणजे तो 'आई गं' म्हणतो. आपल्या पायास कांहीं लागलें होतें काय?"

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मी त्यातून गेलो. म्हटलं, "होय साहेब, लागलं होतं."

त्यांचा जीव भांड्यात पडला. मलमाची एक डबी काढून दिली. आणि मग म्हणाले, तरीही मंडळीच्या मनात संशय राहायला नको, तेव्हा येत्या रविवारी आपण याच विषयावर उपदेश करावा: मेलेल्यांसाठी मागू नये आणि मेलेल्यांकडे मागू नये. हिंदू लोकांचा पंधरवडाही चालूच आहे, प्रसंगाला धरून होईल. मी बरं म्हटलं. अगदी दादासारखं.

बुधवारी दादाच्या थोरल्या मुलाच्या हाती निरोप आला. दादा अंथरुणावर आहे, पण चेहरा निवळलाय म्हणे. त्यानं सांगून पाठवलं होतं, "नाव नाही घेतलंस ते ऐकलं मी. पण चालेल. कावळ्याला तरी नाव कुठं ठाऊक होतं?" तो निरोप ऐकून मी पोरापुढंच रडलो. इतक्या वर्षांत त्यानं माझ्यापाशी काही चालेल म्हटलं होतं ते हे पहिल्यांदाच.

उपदेश लिहून झाला आहे. लिहिताना कुठं अडलो नाही. मुद्दे तीनच आहेत, आणि तिसरा माझा स्वतःचा आहे: जो जिवंत आहे त्याचं आज करा. साहेबांनी वाचला आणि एक शब्दही बदलला नाही. आई, तो चांगला झाला आहे. त्यातलं अक्षर न् अक्षर मला पटतं, आणि ते मला असं कोंडून बसलं आहे की श्वास घ्यायला जागा नाही.

निरोपाचा पुढचा भाग मी तुला अजून सांगितला नाही. पोरगा जाता जाता म्हणाला, "काका, बाबा म्हणाले, रविवारी सर्वपित्री आहे. डोलीत घालून का होईना, पण मला त्या पायरीवर नेऊन बसवा. आईला हाक मारलेली आणखी एकदा ऐकायचीय."

दादा, येऊ नकोस, एवढंच लिहायचं होतं. त्यासाठी गुरुवारी हा कागद काढला आणि वर 'आई' लिहिलं गेलं. आज शनिवार आहे. आता त्याला लिहिलं तरी पोचायचं नाही.